हार आणि समई

जावईबापू म्हणाले, “बाबा, आजकाल माल नाही, माणूस विकला जातो. चौकात तुमचा चेहरा झळकला पाहिजे.”

जावयाचा, त्यातून मार्केटिंग शिकलेल्या जावयाचा शब्द कोण मोडणार? मोरेश्वरकाकांनी आपल्या चकलीच्या दुकानासाठी फ्लेक्स करायला टाकला. त्यांचा धड फोटो एकच होता, सत्कारातला, गळ्यात भलामोठा हार असलेला. दिवाळी तोंडावर आली म्हणून फ्लेक्सवाल्याने दोन्ही बाजूंना एकेक समई पेटवून दिली.

दुसऱ्या दिवशी काका दुकानामागे चकल्या तळत असताना बाहेरून हुंदके ऐकू आले. पडद्याच्या फटीतून पाहतात तो काय, काकूंभोवती निम्मी पेठ डोळे पुसत उभी!

“देवमाणूस गेला हो,” जन्मभर त्यांच्या चकलीला दगड म्हणणारे समोरचे सोनार गहिवरून म्हणाले. “त्यांच्या हातची शेवटची म्हणून चार किलो द्या.”

काकांना भडभडून आलं. जिवंतपणी त्यांना कुणी एवढं नावाजलं नव्हतं. आपण धडधाकट आहोत हे सांगायला ते उठले, तेवढ्यात काकूच रिकामा डबा घेऊन आत आल्या.

“बाहेर याल तर खबरदार! पुढचा घाणा टाका.”

काकांची नजर त्यांच्या कपाळावर गेली आणि हातातला झारा हातातच राहिला. कपाळ मोकळं होतं.

“असे काय बघताय?” काकूंनी डब्याचं झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला टिकली चिकटवलेली होती. “गिऱ्हाईक गेलं की लावते.”