पडलीस तर घरी

आई कधी पडते, याची वाट बघत मुलगा भिंतीला टेकून उभा होता. सावत्र नव्हे, सख्खी आई. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, पायात लाल नाडीचे बूट, आणि भोवती नातवंडांच्या वयाची पोरं एकमेकांना खांदे मारत गोल गोल पळत होती. भर दुपारी, बर्फाच्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये पंक बँडचा कार्यक्रम रंगात आला होता. स्टेजवर ‘नखं’ नावाच्या नव्या बँडच्या तीन मुली होत्या. गादीतली धूळ झटकावी तशा त्या गिटारी बडवत होत्या.

पैज मुलानेच लावली होती. “आज एकदा जरी पडलीस, तर हे धिंगाणे कायमचे बंद. मग गपचूप घरी बसायचं. नाही पडलीस, तर मी पुन्हा ब्र काढणार नाही.” आईने लगेच हात पुढे केला होता. “शब्द म्हणजे शब्द.” उभी हयात तिने बसमध्ये कंडक्टरकी केली होती. चालत्या बसमध्ये कशालाही न धरता तिकिटं फाडली होती. धक्क्यांना ती घाबरत नव्हती. पण दिलेला शब्द मोडणाऱ्यातलीही ती नव्हती, आणि मुलाचा सगळा भरवसा त्यावरच होता.

मुलगा काही वाईट नव्हता. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि त्याने घरभर न घसरणाऱ्या फरशा बसवल्या होत्या. बाथरूममध्ये धरायला दांडे लावले होते. तरी गेल्या हिवाळ्यात आई स्वयंपाकघरात पडलीच. संध्याकाळी दुकानातून सगळ्यांच्या आधी तोच घरी आला, तेव्हा ती जमिनीवर होती. पाय सुजला होता. “आत्ताच पडले रे,” ती म्हणाली. गॅसवर चहाचं भांडं जळून कोळसा झालं होतं आणि सिलिंडर पार संपला होता. “चहा ठेवून विसरले वाटतं,” असंही म्हणाली. त्या दिवसापासून तिला गॅसला हात लावायची बंदी झाली. नातेवाईक म्हणाले, साठी बुद्धी नाठी. मुलगा प्रत्येकाला सांगत सुटला, “पडते, वर विसरतेही. नशीब, मी अगदी वेळेवर पोचलो.” मुलगा असावा तर असा, असं लोक म्हणायचे. त्याला ते ऐकायला आवडायचं, कोणाला नाही आवडणार?

मुली उतरल्या आणि ‘गंज’ हा जुना बँड स्टेजवर चढला. चढला म्हणजे, ड्रमवाल्याला दोघांनी हात देऊन वर घेतलं, कारण त्याचे दोन्ही गुडघे बदललेले होते. गायकाच्या डोक्यावर केस नव्हते, पण नरड्यात जोर तोच होता. तरुणपणी हा प्राणी आईच्या बसमधून बिनतिकीट जायचा. तिने एकदा कॉलर धरून खाली उतरवला, तेव्हा माफी म्हणून त्याने तिला आपल्या कार्यक्रमाचा पास दिला होता. ती गेली ती जातच राहिली. पुढे लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला, पण ‘गंज’चा कार्यक्रम तिने चुकवला नाही.

“कंडक्टरबाई आल्यात का?” गायकाने माइकमध्ये विचारलं. आईने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मुलाने कान झाकले. “मग पुढे सरका!” गायक गरजला. तिच्याच रोजच्या आरोळीवर त्याने रचलेलं ते गाणं होतं. पहिल्याच ठोक्याला सगळी शेड उसळली.

आणि आई पडली. सपशेल.

मुलाच्या मनात पहिला शब्द आला तो ‘जिंकलो’. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो धावला. पण तो दोन पावलं जाईपर्यंत चार हात आईच्या काखेत गेले होते. एक दांडगा गडी हात पसरून मागची गर्दी थोपवून उभा राहिला होता. भुवईत बाळी अडकवलेल्या मुलीने आईचा चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला आणि तिच्या नाकावर बसवला. “कंडक्टरबाई, बरं?” कोणीतरी ओरडलं. आईने अंगठा दाखवला. पोरं पुन्हा गोल फिरू लागली, जणू काही झालंच नव्हतं.

मुलाने तिला हाताला धरून भिंतीपाशी आणलं.

“पडलीस.”

“पडले.”

“मग चल घरी. शब्द म्हणजे शब्द.”

आईने कपाळावरचा घाम पुसला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळे पोरीसारखे चमकत होते. “मोडते शब्द,” ती म्हणाली. “मी नाही येणार.”

“अगं, हाडं मोडून घेशील!” मुलाचा आवाज चिरकला. “ही उपटसुंभ पोरं काय बघणार आहेत तुला? घरी पडलीस तर निदान मी वेळेवर येतो!”

स्वयंपाकघरातल्या त्या दिवसाबद्दल आई बोलणार नव्हती. हिवाळ्यापासून बोलली नव्हती. पण तिकडे गायक पुन्हा ‘पुढे सरका’ म्हणून ओरडला, तशी ती वाकली, सुटलेली लाल नाडी घट्ट बांधली आणि मुलाचा हात मनगटावरून हळूच सोडवला.

“चहाचं भांडं मी विसरले नव्हते रे,” ती म्हणाली. “सकाळपासून फरशीवर पडून त्याच्याकडेच बघत होते.”