पुस्तकासकट गाडी

जुनी गाडी विकत घ्यायला आलेल्या बाईंनी बॉनेट उघडायला सांगितलंच नाही, तेव्हा टेलरमास्तरांचा जीव भांड्यात पडला. आधीची तीन गिऱ्हाइकं बॉनेटमध्ये डोकं घालून लगेच चालती झाली होती. आणि बायकोने तर आज सकाळीच निर्वाणीचं सांगितलं होतं, की संध्याकाळपर्यंत ही गाडी दारातून गेली नाही तर ती स्वतः माहेरी जाईल. तेही पायी, कारण या गाडीत ती पुन्हा पाऊल ठेवणार नव्हती.

बाई वाचनालयात ग्रंथपाल होत्या. गाडीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. मास्तरांना त्यांच्याबद्दल एकदम आदरच वाटू लागला. त्यांनी काचा वरखाली करून दाखवल्या, हॉर्न वाजवला, गाडीने आजवर कधी कुरकुर केली नाही असं छातीठोकपणे सांगितलं.

मग बाईंनी विचारलं, गाडीबरोबर माहितीपुस्तक मिळतं ना, ते आहे का?

मास्तरांची कळी खुलली. लोक गाडी घेतात आणि ते पुस्तक प्लॅस्टिकमधून बाहेरसुद्धा काढत नाहीत, असं म्हणत त्यांनी जगाच्या आळसाचा यथेच्छ समाचार घेतला. आपण मात्र पानन्पान वाचलंय, हेही सांगायला ते विसरले नाहीत. समोरच्या कप्प्यातून पुस्तक काढून, शर्टाला पुसून त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी पुस्तकाचा कणा तळहातावर टेकवला आणि पुस्तक सैल सोडलं. ते आपोआप एका जागी उघडलं. त्या पानाचे कोपरे काळवंडले होते, वर बोटांचे तेलकट ठसे होते. बाकीची पानं कोरी करकरीत.

"खरंच वाचलंय तुम्ही हे?" बाईंनी विचारलं.

"परीक्षा घ्या माझी," मास्तर म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. "इंजिन तापल्यास गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी..."

"आणि अर्धा तास थांबावे," मास्तरांनी वाक्य वरच्या वर झेललं. "रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. जाड फडके घेऊन, तोंड बाजूला करून, सावकाश फिरवावे. वाफ पूर्ण गेल्यावरच पाणी घालावे."

डोळे मिटून, एका दमात. शाळेत असताना एकही कविता त्यांना कधी धड पाठ झाली नव्हती. मास्तरांची मान ताठ झाली.

बाईंनी पुस्तक मिटलं.

"एवढं पाठ व्हायला गाडी किती वेळा तापली, मास्तर?"