गुगलवरची आत्या

गुगलवर आत्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान इतकं मागे होतं, की तिथवर पोचायला शिदोरी लागली असती. वेबसाइट मीच बनवलेली. "महिन्यात गिऱ्हाईक वाढलं नाही, तर ही लावणार," म्हणत बाबांनी ‘दुकान विकणे आहे’ अशी पाटीच रंगवून आणली. सोबत वेबसाइटचा तज्ज्ञही आणला. तो म्हणाला, "पानभर ‘सर्वोत्तम दर्जेदार सेवा’ लिहा." "असं बोलणारं गिऱ्हाईक आलं तर पोलीस बोलावीन," आत्या म्हणाली. मग गिऱ्हाइकं जे रडगाणं गातात, तेच तिनं माझ्याकडून वेबसाइटवर टाइप करून घेतलं: ‘मशीन खोकतं, दोरा गिळतं, नवरा म्हणतो फेकून दे.’ पंधरवड्यातली चौथी बाई मशीन कडेवर घेऊन आली. "‘नवरा म्हणतो फेकून दे’ एवढंच शोधलं, तर तुम्हीच पहिल्या!" आत्यानं मशीनच्या गळत्या तेलाखाली बाबांची पाटी सरकवली. "ठेवा. माझ्याकडे तसाच भाऊ आहे."