पायपुसण्यावरचं पाकीट

"हॉब्डे, सूप खारट झालंय. तुझ्या मनात काहीतरी शिजतंय," फेलगेट उशीवरूनच म्हणाला.

हॉब्डेच्या हातातला चमचा थबकला. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, फेलगेटचे फार तर दोन दिवस. आज बोललं नाही तर हे ओझं मरेपर्यंत आपल्याच उरावर राहणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फेलगेट गुप्तहेर म्हणून नावाजलेला, पण सबंध लंडन त्याला चक्रम म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं. समोरच्याची टोपी हुंगून तो त्याचा धंदा सांगायचा. कुणाचंही अक्षर हुबेहूब काढायचा. घरमालकीण मिसेस स्पर्लिंगना त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी सापडायची, 'आज मटण करपवू नये', आणि त्या बिचाऱ्या, आपणच लिहून विसरलो की काय, म्हणत पातेल्याकडे धावायच्या. असल्या माणसापाशी इतकी वर्षं टिकला तो एकटा हॉब्डे. टपालखात्यातला साधा कारकून. चोरामागे चिखल तुडवायला हाच, आणि घरी आल्यावर फेलगेटचे पाय बुडवायला गरम पाणी आणायलाही हाच.

"मित्र असावा तर असा!" लोक म्हणत. ते ऐकलं की हॉब्डेला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"सेप्टिमस, विनिफ्रेड आठवते?"

"वीस वर्षांपूर्वी मागणी घातली होती मी तिला. न आठवायला काय झालं?"

"तिने उत्तरच दिलं नाही, असं तू म्हणतोस. दिलं होतं रे! त्या रविवारी मिसेस स्पर्लिंग चर्चला गेल्या होत्या. तू आत झोपलेला. दाराशी पायपुसण्यावर पाकीट पडलं होतं, तिच्या अक्षरातलं. सबंध नोकरीत मी परक्याचं पाकीट कधी उजेडापुढेसुद्धा धरलं नाही. पण ते फोडलं. 'मला मान्य आहे', एवढंच होतं आत. वाटलं, तू गेलास तर या शहरात माझं कोण आहे? चुलीत घातलं मी ते. तुझा संसार मांडण्याआधीच मोडला मी!"

तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. खाली रस्त्यावरून बग्गी खडखडत गेली. फेलगेटने छताकडे बघतच विचारलं,

"म्हणून लीड्सची बढती सोडलीस? म्हणून माझे मोजे रफू करत बसलास?"

"मग काय करणार होतो? तुला तोंड दाखवायची तरी लायकी होती का माझी?"

"तिचं उत्तर मला त्याआधी गुरुवारीच मिळालं होतं, हॉब्डे. चक्क नकार. आधी आरशात बघा, म्हणाली."

"मग... ते पाकीट?"

फेलगेटने हॉब्डेचं मनगट घट्ट धरलं. भल्याभल्या चोरांच्या डोळ्याला डोळा देणारा तो माणूस आज मित्राकडे बघेना.

"वीस वर्षं मीही रोज ठरवत होतो, आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं असतं तर तू राहिला असतास का? अरे वेड्या, उभा जन्म टपालात काढलास. लंडनमध्ये रविवारी टपाल कधी आलंय?"