वीतभर जास्त

बाबा सुतार. लोकांच्या घरी कपाट बसवताना सूतभर फरकही खपवून घ्यायचे नाहीत, पण नाताळचं झाड मात्र दरवर्षी वीतभर उंच आणायचे. शेंडा छताला टेकून वाकला की आई घर डोक्यावर घ्यायची, "जगाला मापं शिकवता, आणि स्वतःच्या घराचं छत ठाऊक नाही?" बाबा निमूट बुंधा कापायचे, आणि मगच आई नि लेक झाड सजवायला घ्यायच्या.

आई गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. झाड आणायला निघालेल्या बाबांच्या खिशात लेकीने आठवणीने टेप टाकली. तरी झाड आलं ते शेंडा वाकवूनच.

"बाबा, टेप होती ना खिशात?"

"होती की. नीट मोजून वीतभर जास्त आणलंय. दरवर्षी तसंच आणतो."

लेकीने चांदणी काढली, माळांचा गुंता सोडवला. दुपारची संध्याकाळ झाली, तरी बाबा मांडीवर करवत घेऊन झाडासमोर बसलेलेच.

"कापा ना आता," ती हळूच म्हणाली.



"कापतो गं. आधी तिला ओरडू तर दे."