तेच गिअर, तीच टेकडी

चढ सोपा जावा म्हणून सत्तरीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांचा मित्र सायकलला मागचं चक्र मोठं बसवून घेत होता. मुख्याध्यापक सर शेजारी उभे राहून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हातारा झालास लेका! मला बघ. दहा वर्षं तेच गिअर, तीच टेकडी!"

मेकॅनिकने हसू लपवायला मान खाली घातली. सर ताठ मानेने बाहेर पडताच त्याने त्यांच्या घरी फोन लावला.

"काकू, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर सर्व्हिसिंगला सरांचं चक्र गुपचूप मोठं करत आलो. आता याहून मोठं मिळत नाही. बारकी मोटर बसवता येईल, पण ती आवाज करते हो."

"करू दे रे. कानाचं यंत्र तरी कुठे लावतात ते!"