पाचव्या गल्लीचं पाणी

नाल्याचं पाणी पाचव्या गल्लीतल्या अगदी खालच्या घराच्या पायरीला लागलं, तेव्हा गल्लीतले तेवीसच्या तेवीस नळ सुरू होते आणि रस्त्यावर एकटा फारूख होता.

फारूख पाणी सोडणारा माणूस. पुंडलिकनगरच्या या भागातले व्हॉल्व्ह अकरा वर्षं तोच उघडतो, तोच बंद करतो. आज पाचव्या गल्लीचा नंबर होता, दहाव्या दिवशी लागलेला. पाऊस महिनाभर फिरकला नव्हता, आणि महिन्याचं सगळं काम एका दुपारीच उरकून टाकावं तसा तो पलीकडं डोंगरावर कोसळत होता. इथं नुसती भुरभुर. वरच्या पुलाजवळून तौफिकचा, त्याच्या जोडीदाराचा, फोन आला होता, "पुलावरून पाणी चाललंय, भाई. वीस मिनिटात तुमच्याकडं. गल्ली खाली कर."

खाली करायला गल्ली म्हणजे काही पोतं नव्हे. फारूखनं दारं वाजवायला घेतली.

अतुल विमा विकायचा. लोकांना संकटाची आगाऊ कल्पना देणं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला, "अर्धा तास द्या, भाई. टाकी आत्ता कुठं निम्मी झालीये." जाहेदानं धारेवरची नजर हलवली नाही. "दस दिन बाद मुँह दिखाया पानी ने. तुम चलो, मैं ड्रम भर के आती." सरितानं ऐकून तरी घेतलं. मग हातातला हंडा त्याच्या हातात दिला. "आलाच आहात तर एवढा लावा नळाखाली." फारूखनं लावला.

खालचं शेवटचं घर आशाबाईंचं. एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. गल्लीचं पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी पहिली हाळी त्यांचीच.

"मावशी, चला वरती. पूर येतोय."

"नाल्याचं मला नको सांगू. तीस वर्षं शेजार हाय. त्याला पाणी नसतंय, नुसता वास असतोय."

"पायरी बघा की."

"बघते. आधी पिंप भरू दे."

महापालिकेच्या कार्यालयात फोन लावला तर मदतीची गाडी निघाली होती. गाडी नेहमी निघालेलीच असते.

फारूख चढ चढून गल्लीच्या वरच्या तोंडाशी आला. सकाळपासूनची ही सहावी गल्ली. पाय भरून आले होते. व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी तो जरा उकिडवा बसला. तौफिकच्या फोनला आठ मिनिटं झाली होती. मग त्यानं लोखंडी चावी लावली आणि उघडलेला व्हॉल्व्ह चौदा फेऱ्यांत बंद करून टाकला.

आधी मोटारींचा आवाज बदलला. मग एकेक मोटार बंद पडली. मग दारं उघडली.

पुरासाठी जी गल्ली हलली नव्हती, ती अशी चढ चढून आली की लग्नाच्या पंगतीलाही एवढी घाई कुणी केली नसती. जाहेदा कडेवर लेकरू घेऊन आली. सरिता हंड्यासकट आली. अतुल फोनवर चित्रण करतच आला. भांडण आहे म्हटल्यावर अंथरुणावरचे म्हातारेही काठी घेऊन आले, आणि मागून पोरं.

"वरच्या गल्लीत सोयरीक जमवलीय का रे?"

"मागच्या वेळी पण असंच. आमच्याच नंबराला यांचं काहीतरी निघतं."

"नाव सांगा तुमचं. पूर्ण नाव. कॅमेऱ्यात बघून."

फारूख व्हॉल्व्हवर पाय ठेवून उभा होता. त्याचे ओठ हलत होते; सरिताला वाटलं, उलट शिव्या देतोय. तो मोजत होता. दुपारी या गल्लीत कोण घरी असतं, हे त्याला राशनकार्डापेक्षा पक्कं ठाऊक. चौतीस माणसं. तेहेतीस आली होती.

आशाबाई नव्हत्या.

खालून नाल्याचा आवाज आता वेगळा येत होता, जड, दगड लोटत नेल्यासारखा. भांडणात तो कुणाला ऐकू जात नव्हता. पण शिव्यासुद्धा संपतात. समोरचा बोलतच नाही म्हटल्यावर लोक कंटाळले. अतुलनं फोन खिशात घातला. "चला हो. खालच्या टाकीत आलंय तेवढं तरी वर चढवून घेऊ." सरितानं हंडा काखेत मारला. जाहेदा उताराकडं वळली. थकलेल्या माणसाला भांडण लांबवता येत नाही.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंती धरत धरत आशाबाई वर आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. लोकांनी वाट करून दिली. आता खरा खेळ होणार म्हणून उताराला लागलेलेही मागं फिरले. आशाबाईंनी फारूखची कॉलर धरली, त्याला खाली ओढलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"माझ्या ओट्यावर चढलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आता पुराचं नाव काढू नको, सगळे सामान काढायला खाली पळतील. मला जोरात शिव्या दे, फारूख. तमाशाला माणसं थांबतेत."